भुईमुगाच्या पानातलं गंधक

सिंधुदुर्गातली जांभ्याची आणि किनाऱ्यालगतची रेताड जमीन मुसळधार पावसात धुऊन निघते. पाण्यात विरघळलेलं सल्फेटही निचऱ्याबरोबर जातं. त्यामुळे भातानंतरच्या भुईमुगाला गंधकाची चणचण भासू शकते.

मुळांच्या पेशींवरची वाहक प्रथिनं ऊर्जा खर्चून सल्फेट आत घेतात. पानातल्या हरितलवकात विकरं त्याचं आधी सल्फाइट, मग सल्फाइड करतात. त्यातून सिस्टीन हे अमिनो आम्ल बनतं आणि पुढे मेथिओनिन. यांच्याविना प्रथिनं घडत नाहीत.

जुन्या पानांतलं गंधक सहज हलत नाही, म्हणून कोवळी पानं आधी पिवळी पडतात. नत्र कमी असेल तर जुनी. युरिया टाकण्याआधी शेंडा जरूर पाहावा. जिप्सममधून गंधक मिळतंच, शिवाय शेंगा भरायला कॅल्शियमही.