बालवर्ग आणि यंत्रमानव

यंत्रमानव हा शब्द कानीं पडतांच पोलादी देहाचा, डोळ्यांच्या जागीं दिवे असलेला एक अजस्र पुरुष आपल्या मनश्चक्षूंपुढें उभा राहतो. 'रोबो' हें त्याचें परदेशी नांव कारेल चापेक या चेक लेखकाच्या १९२० सालच्या नाटकामुळें जगभर पसरलें. ज्या चेक शब्दावरून तें बनलें त्याचा अर्थ वेठबिगार असा आहे. असलें वेठीचें यंत्र तीन ते सहा वर्षांच्या बालकांच्या वर्गांत आणून करावयाचें काय, असा प्रश्न आमच्या दारव्ह्यासारख्या गांवांतील पालकांस पडला तर नवल नाहीं. उत्तर देण्यापूर्वीं हें यंत्र कसें चालतें तें पाहूं.

बालवर्गांतील यंत्र बहुधा माणसासारखें दिसतच नाहीं. इंग्लंडांत निघालेली 'बी-बॉट' ही एक पिवळी मधमाशी आहे. तिच्या पाठीवर सात बटणें असतात: पुढें, मागें, डावें वळण, उजवें वळण, विराम, पुसणें आणि निघणें. एका आज्ञेस ती १५ सेंटिमीटर सरकते. वळणाची आज्ञा मिळाल्यास जागच्या जागीं काटकोनांत फिरते. मात्र बटण दाबतांच ती हलत नाहीं. सर्व आज्ञा क्रमानें देऊन शेवटीं निघण्याचें बटण दाबलें म्हणजे ती त्या ओळीनें पाळूं लागते. शिक्षणाचें मर्म या विलंबांतच आहे. कारण यंत्र चालण्यापूर्वीं मुलास सारी वाट मनांत चालावी लागते.

उदाहरण घेऊं. फरशीवर खडूनें १५-१५ सेंटिमीटरांचे चौकोन आंखून त्यांत घर, विहीर, बाजार आणि जेथून पूर्वीं 'शकुंतला' गाडी धावत असे तें मोतीबाग स्थानक, अशीं चित्रें काढलीं. घरापासून दोन चौकोन पुढें व एक चौकोन उजवीकडे बाजार आहे. मूल 'पुढें, पुढें, उजवें वळण' अशा आज्ञा देतें. मधमाशी दोन चौकोन जाते, उजवीकडे तोंड करते आणि तेथेंच थांबते! वळणें म्हणजे जाणें नव्हे, हें मुलास तत्क्षणीं दिसतें, व तें आणखी एक 'पुढें' जोडतें. मधमाशी समोरून आपल्याकडे येत असेल तर तिचें उजवें तें आपलें डावें होतें. हा गुंता सोडविण्यास मूल उठून स्वतः मधमाशीच्या दिशेनें उभें राहतें. अंक, दिशा आणि क्रम या तिन्ही गोष्टी अशा रीतीनें अंगीं मुरतात.

या कल्पनेचा उगम सीमूर पेपर्ट यांच्याकडे जातो. जिनिव्हा येथें ज्यां पियाजे यांच्यासमवेत काम केल्यावर, १९६७ सालीं अमेरिकेंत त्यांनीं सहकाऱ्यांसह 'लोगो' ही मुलांसाठीं संगणकाची भाषा रचिली. पुढें तिच्या आज्ञेनें जमिनीवर रेघ ओढीत चालणारें यांत्रिक कासव निघालें. परंतु तिच्या आज्ञा लिहाव्या लागत. ज्यांस अक्षरओळख नाहीं त्यांनीं काय करावें? १९७० नंतरच्या दशकांत रेडिया पर्लमन यांनीं बटणांची पेटी करून ही अडचण दूर केली. अलीकडे मरीना बर्स यांच्या संशोधनांतून निघालेल्या 'किबो' या यंत्रास मूल लाकडी ठोकळे ओळीनें मांडून आज्ञा देतें. पडद्याची गरजच नाहीं.

आमच्या भागांत याचें विशेष महत्त्व आहे. ज्या बालकाच्या घरीं बंजारा बोली चालते, तें शाळेंत प्रथम मुकें बसतें व पुष्कळदां मंद ठरतें. बाणाच्या खुणेपुढें मात्र सर्व मुलें सारखीं. शिवाय मधमाशी चुकीबद्दल रागावत नाहीं कीं हंसत नाहीं. ती केवळ भलत्या चौकोनांत जाऊन उभी राहते. चूक ही लाज नसून शोधण्याची वस्तु आहे, हा धडा ज्यास लवकर मिळाला तें मूल पुढें गणितास भीत नाहीं.

पण पैशाचें काय? येथें आपल्याच प्रांतांतील वडीलधाऱ्यांकडे पाहावें. १९४५ सालीं ताराबाई मोडक यांनीं बोर्डी येथें अनुताई वाघ यांच्या साहाय्यानें ग्राम बाल शिक्षा केंद्राचें कार्य आरंभिलें. १९५७ सालीं तें कोसबाडच्या टेकडीवर गेलें. माँटेसरी पद्धतीचें महाग साहित्य त्यांनीं खेड्यावर लादलें नाहीं. शंख, शिंपले, खडे, पानें यांनाच शिक्षणाचें साहित्य केलें, आणि जीं मुलें शाळेंत येऊं शकत नव्हतीं त्यांच्या पाड्यांवर आंगणवाडी नेली. तोच मार्ग येथेंही मोकळा आहे. एका मुलास यंत्र करावें, दुसऱ्यानें पुठ्ठ्यावरील बाण ओळीनें मांडावेत, आणि 'यंत्रानें' सांगितलें तेवढेंच करावें. आंगणांत हा खेळ फुकट होतो व मुलें पोट धरून हंसतात. हें साधल्यावर तीन-चार मुलांमागें एक या प्रमाणानें यंत्रें घेतां आलीं तर उत्तमच.

यंत्र गोष्ट सांगणाऱ्या बाईंची, मातीची वा गाण्याची जागा घेऊं शकत नाहीं. म्हणून तें विकत घेतांना एकच प्रश्न विचारावा: यांत आज्ञा देणारें कोण, मूल कीं यंत्र? यंत्र बोलतें, नाचतें आणि मूल नुसतें पाहत बसतें, असें असेल तर तें दुकानांतच राहूं द्यावें. मूल विचार करतें व यंत्र त्याचें ऐकतें, असें असेल तर त्यास बालवर्गाचें दार खुशाल उघडावें.