भिंतींना कान असतात, तसं तोंडही असतं!

अमेरिकेतल्या एका घरात भूत आहे हे चक्क कोर्टाने मान्य केलंय, माहीत आहे का? न्यूयॉर्क राज्यात हडसन नदीच्या काठी नायाक नावाचं गाव आहे. तिथलं एक जुनं घर एका गृहस्थांनी साडेसहा लाख डॉलरना ठरवलं, डिपॉझिटही भरलं. आणि मग कळलं, की घराच्या मालकीणबाईंनी आपल्या घरातल्या भुतांची हकीकत पूर्वी 'रीडर्स डायजेस्ट'मध्ये छापून आणली होती!

प्रकरण कोर्टात गेलं. १९९१ साली निकाल लागला. बाई, तुम्हीच जगाला भुतं आहेत म्हणून सांगितलंत, आता 'नाहीत' म्हणता येणार नाही. तेव्हा कायद्याच्या नजरेत हे घर झपाटलेलंच! खरेदीदार सुटला. घराची कितीही बारकाईने तपासणी केली तरी भूत काही सापडायचं नाही, हा मुद्दाही त्या निकालात आहे.

खरंय. पण भूत सोडलं तर बाकी जवळजवळ सगळं सापडतं! ओल, पोकळ टाइल, उलटा ढाळ, गंजलेली सळई. घर स्वतःच बोलत असतं. होम इन्स्पेक्शन म्हणजे तासभर त्याचं ऐकून घेणं. नव्या बिल्डिंगमध्ये पझेशनच्या आधी हेच काम 'स्नॅगिंग' या नावाने चालतं. चला तर मग, चपला दाराबाहेर काढा.

इन्स्पेक्शनच्या पिशवीत काय असतं, माहीत आहे का? पाच रुपयांचं नाणं, मोबाइलचा चार्जर, टॉर्च, मेजरिंग टेप, खडू आणि एक गोटी. हो, खेळायची गोटी! फरशीवर ठेवायची आणि सोडून द्यायची. हॉलमध्ये ती स्वतःहून एका कोपऱ्याकडे धावली तर फरशीला उतार आहे. बाथरूममध्ये मात्र ती जाळीकडे धावायलाच हवी. एकाच गोटीची दोन उत्तरं, दोन्ही बरोबर!

प्रोफेशनल मंडळी लेझर मीटर आणतात. गवंड्याची पिशवी त्याहून जुनी आणि तितकीच पक्की: सपाटी बघायला पाणसळ, भिंत उभी सरळ आहे का बघायला ओळंबा, आणि कोपरा काटकोनात आहे का बघायला गुण्या. कोपरा 'गुण्यात' नसेल तर कपाट बसवताना एका बाजूला फट राहते. गुण्या नाही? एका भिंतीवर ३ फूट मोजा, दुसरीवर ४ फूट, आणि दोन खुणांमधलं अंतर बरोबर ५ फूट येतंय का बघा. शाळेतला पायथागोरस होम लोनच्या कामाला येतो तो असा.

आता नाण्याची गोष्ट. ती सविस्तर सांगायलाच हवी.

ठाण्यात भावाच्या नव्या फ्लॅटचं पझेशन होतं. सोबत आमचे ओळखीचे मिस्त्री, चाळीस वर्षं फरशीच्या कामातले. ते हॉलच्या मधोमध उकिडवे बसले आणि नाण्याने टाइल वाजवू लागले. चारी कोपरे, मग मध्य. टक, टक, टक, टक, टक. पुढची टाइल. टक, टक, टक… बद्द!

"ताई, कान लावा," ते म्हणाले. "ही बद्द बोलतेय. खाली माल भरलेलाच नाही."

मी गुडघ्यावर बसून ऐकलं. एकदा फरक कळला, की मग कान विसरत नाहीत. भरीव टाइल खणखणीत उत्तर देते, पोकळ टाइल घसा बसल्यासारखी. टाइलखाली सिमेंटचा माल सगळीकडे नीट पसरला नसेल तर तिथे हवा राहते. त्या कोपऱ्यावर सोफ्याचा पाय किंवा गॅसचा सिलिंडर आपटला, की टाइलला तडा. मिस्त्रींनी अशा प्रत्येक टाइलवर खडूने फुली मारली. दोन बेडरूम, हॉल, किचन मिळून एकोणीस फुल्या! भावाने प्रत्येक फुलीचा फोटो काढला आणि यादी ईमेलने पाठवली. तोंडी सांगायचं नाही, हे मिस्त्रींचं कलम. एकोणीसच्या एकोणीस टाइल बदलून मिळाल्या. ही मेहनत किती वेळाची? पाऊण तासाची!

पाण्याकडे वळू. बाथरूमच्या जाळीखाली जो ट्रॅप असतो, त्याला प्लंबिंगच्या भाषेत काय म्हणतात, माहीत आहे का? नहाणी ट्रॅप! आपली आजीची न्हाणी थेट इंजिनिअरिंगच्या इंग्रजी टेंडरांत जाऊन बसली आहे. या ट्रॅपच्या पोटात साधारण ५० मिलिमीटर पाणी कायम साठलेलं असतं. ते बूच असतं, ड्रेनेजचा वास वर येऊ न देणारं. ही वाकड्या पाइपची आयडिया कुणाची? अलेक्झांडर कमिंग या स्कॉटिश माणसाची, पेटंट १७७५ चं. आणि त्याचा धंदा होता घड्याळं बनवण्याचा!

म्हणून बंद फ्लॅटमध्ये वास आला तर लगेच नाक मुरडू नका. ट्रॅपमधलं पाणी वाळलं असेल. दोन मग पाणी ओता, दहा मिनिटं थांबा. वास गेला, तर प्रश्न मिटला. नाही गेला, तर खरा प्रश्न आहे. पाठोपाठ अख्खी बादली एकदम ओता आणि पाणी कुठे रेंगाळतंय ते बघा. किचनचा नळ, बेसिनचा नळ आणि फ्लश, तिन्ही एकाच वेळी चालू करा. कुणाची धार रोडावते? उत्तर समोरच!

भारतातला सगळ्यात कडक होम इन्स्पेक्टर कोण? पाऊस! फी शून्य, कोपरा एकही सुटत नाही. मुंबईत पावसाळ्यात सरासरी दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, आणि २६ जुलै २००५ ला तर सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर कोसळला होता. फ्लॅट मे महिन्यात आवडला असेल, तर माझा आग्रह आहे, जमलं तर जुलैमध्ये पुन्हा एकदा बघून या. ते नसेलच शक्य, तर नवा रंग शोधा. सगळं घर फिकट आणि एकच भिंत चकचकीत? त्या भिंतीला हात लावा. मिठासारखी पांढरी भुकटी हाताला लागली, तर आतून पाणी येतंय. पाणी भिंतीतले क्षार विरघळवून बाहेर आणतं, स्वतः उडून जातं आणि क्षार मागे ठेवतं.

थर्मल कॅमेऱ्याला भिंतीतली ओल दिसते कशी, माहीत आहे का? माठामुळे! म्हणजे माठाचंच तत्त्व. ओल्या भिंतीवरून पाणी उडतं, भिंत गार पडते आणि कॅमेऱ्यात तो भाग वेगळ्या रंगात उठून दिसतो. ज्या इन्फ्रारेड किरणांवर हा कॅमेरा चालतो, ते विल्यम हर्शेल या खगोलशास्त्रज्ञाने १८०० साली शोधले होते. तारे बघणाऱ्याने तुमच्या बेडरूमची ओल पकडली!

आता करंट. थ्री-पिन प्लगची वरची पिन जाड आणि लांब का असते? ती अर्थिंगची. आत जाताना आधी तिने टेकायचं, बाहेर येताना शेवटी सुटायचं. सुरक्षा आधी, वीज नंतर! प्रत्येक सॉकेटमध्ये चार्जर लावून बघा, लाजू नका. डीबी बॉक्समध्ये, म्हणजे घराच्या विजेच्या मुख्य बॉक्समध्ये, आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) असेल तर त्यावरचं 'टेस्ट' बटण दाबा. खटकन पडला, तर शाब्बास. घरात माणसांच्या सुरक्षेसाठी बसवतात तो ३० मिलिअँपिअर एवढ्याशा गळतीलाही पडतो. नाहीच पडला, तर इलेक्ट्रिशियन बोलवा, आजच.

गुलाबी म्हणजे सुदृढ! कशाच्या बाबतीत? काँक्रीटच्या. जुन्या बिल्डिंगच्या स्ट्रक्चरल ऑडिटमध्ये पिलर थोडा फोडून त्यावर फिनॉल्फ्थॅलिन मारतात. हो, दहावीच्या प्रयोगशाळेतलंच! निरोगी काँक्रीट गडद गुलाबी होतं. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने ज्याचा अल्कलीपणा गेला, ते रंगच बदलत नाही. तिथे आतली सळई गंजायला मोकळी. गंज लोखंडाच्या दोन ते सहापट जागा मागतो, म्हणून तो काँक्रीटला आतून ढकलतो आणि स्लॅबचे पोपडे पडतात. हेच फिनॉल्फ्थॅलिन अनेक वर्षं जुलाबाच्या गोळ्यांतही असायचं. पिलर असो की पोट, तपासणी आतूनच.

मुंबई महापालिकेच्या कायद्यात कलम ३५३-ब आहे: तीस वर्षांहून जुन्या इमारतीला मजबुतीचं सर्टिफिकेट लागतं. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींत १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं ऑडिट ५ वर्षांतून एकदा आणि त्याहून जुन्या इमारतीचं ३ वर्षांतून एकदा, असा नियम आहे. रिसेल फ्लॅट बघताय? मॉड्युलर किचनच्या आधी ऑडिट रिपोर्ट मागा. सोसायटीचं शेअर सर्टिफिकेटही बघा. फ्लॅट कोटीचा आणि शेअरची दर्शनी किंमत ५० रुपये, अशी ही गोड विसंगती!

बिल्डरची जबाबदारी किती जुनी, माहीत आहे का? बॅबिलोनच्या हम्मुराबी राजाच्या कायद्यात, म्हणजे सुमारे पावणेचार हजार वर्षांपूर्वी, भिंत कलू लागली तर बांधणाऱ्याने ती स्वखर्चाने पक्की करून द्यायची, असं कलम आहे. आणि घर पडून मालक गेला, तर बांधणाऱ्याला देहदंड! आपला रेरा, म्हणजे बिल्डरांवरचा कायदा, बराच सौम्य: पझेशनपासून ५ वर्षांत बांधकामाचा किंवा कामाच्या दर्जाचा दोष दाखवून दिला, तर बिल्डरने ३० दिवसांत तो विनाखर्च दुरुस्त करायचा. हे फार मोठं हत्यार आहे. लोक विसरतात, म्हणून ठळक अक्षरांत फ्रीजवर चिकटवा!

टेप लावलीत आणि कार्पेट एरिया कमी भरला? थांबा. रेराच्या व्याख्येत आतल्या पार्टिशनच्या भिंतींखालची जागाही कार्पेटमध्ये धरतात. बाल्कनी आणि बाहेरच्या भिंती मात्र धरत नाहीत. तेव्हा भांडायच्या आधी भिंतींची जाडी मोजा. ॲग्रीमेंटमधला चौरस मीटर गुणिले १०.७६४, की चौरस फूट हजर.

आणखी एक गंमत. महारेराच्या, म्हणजे महाराष्ट्राच्या रेरा प्राधिकरणाच्या, जुन्या प्रोजेक्ट नंबरांत P521 म्हणजे पुणे, P517 ठाणे, P518 मुंबई उपनगर, P519 मुंबई शहर. हे आकडे आले जनगणनेतल्या जिल्ह्यांच्या कोडवरून. बिल्डिंगचाही पिनकोड!

जरा जगाची चक्कर. स्कॉटलंडमध्ये डिसेंबर २००८ पासून घर विकायला काढायचं तर तपासणीचा 'होम रिपोर्ट' विकणाऱ्यानेच तयार ठेवायचा. इंग्लंडमध्ये विकणाऱ्याच्या फॉर्मवर एका झाडाची चौकशी असते, जपानी नॉटवीडची. ते फटींतून घुसून फरसबंदी उचकटतं.

आणि न्यू जर्सीत घर घेणाऱ्या मराठी मंडळींना विचारा, इन्स्पेक्शनमध्ये रेडॉन टेस्ट का असते? १९८४ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या अणुवीज केंद्रात स्टॅनली वॉट्रस नावाचा इंजिनिअर आला, की रेडिएशनचा अलार्म वाजायचा. केंद्र तर अजून सुरूही झालं नव्हतं! शोध घेतला तेव्हा कळलं, किरणोत्सर्ग त्याच्या घरातूनच येत होता. जमिनीतून झिरपणारा रेडॉन वायू. प्रमाण सुमारे २,७०० पिकोक्युरी प्रति लिटर, आणि उपाय करा म्हणून सांगणारी सरकारी पातळी किती? ४!

शेवटी विकणाऱ्यांसाठी. आपल्या १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ५५ म्हणतं: साधी काळजी घेऊनही घेणाऱ्याला सापडणार नाही असा मोठा दोष विकणाऱ्याला ठाऊक असेल, तर तो त्याने सांगायलाच हवा.

डोंबिवलीतल्या एका काकूंनी हे कलम वाचलं नसावं, पण त्या ते जगत होत्या. मैत्रिणीसोबत त्यांचा फ्लॅट बघायला गेले. चहा यायच्या आधी काकूंनी मुलाला हाक मारली, "अरे, ते कपाट सरकव बघू." कपाटामागे हातभर ओल, नकाशासारखी. "बाहेरच्या भिंतीला चीर आहे. सोसायटीने मेमध्ये काम करायचं लिहून दिलंय. ही बघ त्या ठरावाची प्रत. हे बघून मग आकडा बोल, बाळा."

मैत्रीण आकडा बोलली, काकूंनी दहा हजार सोडले, व्यवहार झाला. काम ठरल्याप्रमाणे मेमध्ये झालं. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात, धो-धो पावसात, मला व्हॉट्सॲपवर एक फोटो आला. कपाट बाजूला सरकवलेलं आणि मागची भिंत ठणठणीत कोरडी. काकूंनाही पाठवला होता म्हणे. त्यांचं उत्तर: "आता कपाट परत लाव, आणि चहाला ये."