बटाट्याची कीड: फवाऱ्याआधी माती

परसात किंवा गच्चीवर बटाटा लावणाऱ्याला पानावर अळी दिसली, की तो लगेच विचारतो, "काय फवारू?" पण बटाटा पोखरणारी पाकोळी फवाऱ्यापेक्षा मातीनेच जास्त अडते.

ही कीड साठवणीत लागते, असा समज आहे. वस्तुस्थिती अशी की लागण बहुधा वाफ्यातच झालेली असते. मादी पानांवर आणि उघड्या पडलेल्या बटाट्याच्या डोळ्यांपाशी अंडी घालते. अळी आत शिरून बोगदे करते आणि छिद्राच्या तोंडाशी काळी विष्ठा साचते. बटाट्यापर्यंत पोचायची तिची वाट म्हणजे मातीच्या भेगा. म्हणून बेणं सुमारे १० सेंटीमीटर खोल लावावं, झाडं वीतभर झाली की भर लावावी आणि पाण्याची पाळी चुकवून माती तडकू देऊ नये. त्याच भरीमुळे बटाटा उन्हाने हिरवाही पडत नाही.

काढणीनंतरची एक सवय मात्र खरोखर घातक आहे. काढलेल्या बटाट्यांवर त्यांचाच पाला झाकला, तर पाल्यातल्या अळ्या थेट खाली उतरतात. पाकोळी रात्री फिरते, तेव्हा बटाटे संध्याकाळच्या आतच घरात न्यावेत. साठवताना ढिगावर घाणेरीच्या किंवा निलगिरीच्या वाळलेल्या पाल्याचा दोन-अडीच सेंटीमीटरचा थर द्यावा.

निंबोळी अर्काने कीड लगेच मरत नाही, म्हणून लोक तो निरुपयोगी ठरवतात. अर्काचं काम वेगळं आहे: किडीचं खाणं मंदावतं, अळीची कात नीट पडत नाही. लिटरभर पाण्यात ५० ग्रॅम निंबोळी पावडर रात्रभर भिजवून, गाळून, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फवारा; उन्हात त्याचा प्रभाव लवकर ओसरतो. तंबाखूचा काढा मात्र नकोच. वनस्पतीपासून आलं तरी निकोटीन माणसालाही विषारी आहे.

ठिपक्यांचा प्रत्येक भुंगेरा शत्रू नसतो. चकचकीत ढालकिडे मावा खातात. मळकट तांबूस, अंगावर बारीक लव असलेला २८ ठिपक्यांचा भुंगेरा पानांची जाळी करतो. तो आणि त्याची पिवळी अंडी हाताने वेचून साबणाच्या पाण्यात टाका.

मावा रस शोषतो त्याहून मोठं नुकसान विषाणू पसरवून करतो. काही विषाणू तर तो क्षणभर सोंड खुपसतो तेवढ्यात झाडात सोडतो. तिथे कुठलाही अर्क वेळेत पोचत नाही. पानं गुंडाळलेलं किंवा चट्टेरी झाड दिसलं, तर ते बटाट्यांसकट उपटा. त्याचे बटाटे खायला चालतात, पण पुढच्या लागवडीला बेणं म्हणून ठेवू नका.