स्कार्लात्तीचे सोनाटे आणि आमची पेटी

इसवी सन 1739 च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी वसई घेतली आणि दोनशे वर्षांचा फिरंगी अंमल उत्तर कोकणातून उठला. ज्या पोर्तुगीज राजाचा हा मुलूख गेला, त्या पाचव्या जुआंवला अर्पण केलेला तीस सोनाट्यांचा एक ग्रंथ त्याच सुमारास लंडनमध्ये छापून निघाला होता, हे वर्तमान आमच्या बखरकारांच्या कानी जाण्याचे काही कारणच नव्हते. त्या मोहिमेतून फिरंग्यांचे जे नादवैभव आमच्या हाती लागले ते घंटांचे, आणि त्यांतील एक भीमेच्या उगमापाशी भीमाशंकरी आजही टांगलेली आहे.

ग्रंथकार दोमेनिको स्कार्लात्ती हा नेपल्सचा, जन्म 1685 चा. 1719 मध्ये तो लिस्बनच्या दरबारी चाकरीस राहिला, राजकन्या मारिया बार्बरा हिला त्याने हार्पसिकॉर्ड शिकविले, आणि ती स्पेनच्या युवराजास दिल्यावर 1729 पासून 1757 मध्ये देह ठेवीपर्यंत तो तिच्याच पदरी होता. या चाकरीच्या काळाचा मागोवा घेताना साडेपाचशेहून अधिक सोनाट्यांच्या संख्येपेक्षा मला अधिक नवल वाटते ते याचे, की दरबारच्या शिस्तीत मुरलेल्या या गृहस्थाने स्पेनच्या रस्त्यांवरील गिटारीचा झणत्कार, नर्तकांचे ठेके, एकाच स्वरावरील जलद आघात, इतकेच काय, शेजारशेजारचे कर्कश स्वर एकदम दाबण्याचा उर्मटपणाही राणीच्या दालनात निःसंकोच आणून बसविला. रचनेचा साचा मात्र साधा आहे: दोन खंड, प्रत्येकाची पुनरावृत्ती, पहिला खंड मूळ षड्ज सोडून बहुधा पंचमाला षड्ज करून थांबतो, दुसरा अनेक आडवळणे घेत स्वगृही परततो.

आमच्याकडील भजनाचे उदाहरण घ्यायचे तर केंदूर हे संत कान्हो पाठकांचे गाव. अशा गावी एकतारी आणि टाळ यांवर ज्याचा कान तयार झाला, त्या श्रोत्याला हे षड्जाचे स्थलांतर बेइमानीसारखे वाटले तर त्याला दोष देता येणार नाही. आमच्या भजनातील पेटीही युरोपातूनच आली, परंतु शतकभर उशिरा: दबँ याने पॅरिसमध्ये 1842 साली हार्मोनियमची सनद घेतली, पुढे कलकत्त्यास तिचे हातपेटीत रूपांतर झाले, आणि मराठी रंगभूमीने तिला आपलेसे केले. या रूपांतरात डावा हात भात्याच्या ताबेदारीत गेला. स्कार्लात्तीचे दोन हात मात्र एकमेकांशी झुंजतात. डावा उजव्यावरून उडी घेऊन तारस्वर छेडतो आणि क्षणात खर्जाच्या ठाण्यावर हजर होतो. एका हाताच्या पेटीने गोविंदराव टेंबे यांच्यासारख्यांच्या बोटांतून गायकीचा जो जिव्हाळा साधला तो मोलाचाच आहे; पण तिच्यावर हा द्वंद्वयुद्धाचा खेळ संभवत नाही.

तो खेळ जाणणारे हात आमच्या शेजारीच घडत होते. वसई गेली तरी गोवा पोर्तुगिजांकडेच राहिला, तेथील चर्चच्या शाळांत स्वरलेखन व वाद्ये शिकविण्याची वहिवाट खंडित झाली नाही, आणि मुंबईचा बोलपट जेव्हा वाद्यवृंद मागू लागला तेव्हा नोटेशन वाचणारे वादक मोठ्या संख्येने गोमंतकातूनच आले.