छायाचित्रांच्या गठ्ठ्यांसाठी संगणक : निवड कशी करावी?

खेड तालुक्यातील निघोजे हे इंद्रायणीकाठचे गाव आज चाकण औद्योगिक पट्ट्यात मोडते. अशा गावात ग्रामसभा, शाळेचे स्नेहसंमेलन, ग्रामदैवताचा उत्सव आणि कारखान्यांतून ४ मार्चला पाळला जाणारा राष्ट्रीय सुरक्षा दिन असे कार्यक्रम वर्षभर चालू असतात. पूर्वी छत्तीस चित्रांच्या एका फिल्ममध्ये समारंभ आटोपत असे. आता एका दिवसात दोन हजार छायाचित्रे सहज निघतात. ती निवडून, सुधारून, नावे देऊन जतन करण्यासाठी संगणक घ्यावयाचा झाल्यास पैसा कोठे खर्चावा, हा प्रश्न शाळा व पंचायतींपुढे उभा राहतो.

पुष्कळदा दुकानदार खेळांसाठी बनविलेला, महागड्या ग्राफिक्स कार्डाचा संगणक पुढे करतो. चित्रातील दाणेदारपणा काढणाऱ्या नव्या प्रणालींना या कार्डाचा उपयोग होतो, हे खरे. तथापि नित्याचा खोळंबा बहुधा अन्यत्र होत असतो.

चोवीस मेगापिक्सेल कॅमेऱ्यातील ‘रॉ’ स्वरूपाचे एक छायाचित्र साधारणपणे २५ ते ३० मेगाबाइटचे असते. म्हणजे दोन हजार चित्रांचा गठ्ठा ५० ते ६० गिगाबाइटचा झाला. जुन्या यूएसबी २ पद्धतीच्या कार्ड-रीडरचा प्रत्यक्ष वेग सेकंदाला ३० ते ४० मेगाबाइट एवढाच असल्याने नुसती नक्कल उतरविण्यातच अर्धा तास जातो. यूएसबी ३ चा रीडर व त्यास साजेसे कार्ड असल्यास तेच काम दहा-बारा मिनिटांत होते. संगणकाच्या किमतीपुढे नगण्य अशा या वस्तूचा विचार खरेदीच्या वेळी क्वचितच होतो.

चित्रे चाळताना फिरत्या तबकडीची हार्डडिस्क अडखळते. म्हणून चालू कामासाठी एसएसडी असावी. संपादनासाठी चित्र उघडले की ते फुगते. दोन कोटी चाळीस लक्ष बिंदू, प्रत्येकाचे तीन रंग आणि प्रत्येक रंगास दोन बाइट धरल्यास एकच चित्र १४४ मेगाबाइट जागा व्यापते. यास्तव १६ गिगाबाइट रॅम ही किमान मर्यादा मानावी. ३२ असल्यास उत्तम. शेवटी सर्व चित्रे जेपेग स्वरूपात काढताना प्रोसेसरचा कस लागतो. प्रत्येक चित्र स्वतंत्र असल्याने भातलावणीस आठ माणसे एकदम उतरावीत, तसे आठ कोअर हे काम वाटून घेतात.

पडदा आयपीएस जातीचा व एसआरजीबी रंगपट्टा पूर्ण दाखविणारा हवा. अन्यथा विद्यार्थ्यांच्या चेहऱ्यांचे रंग छपाईत भलतेच उमटतात. वीज अकस्मात गेल्यास चालू काम बिघडू नये म्हणून यूपीएस घ्यावा. याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे दुसरी प्रत. ग्रामसभेचे छायाचित्र ही गावाची नोंद असते. एकुलती एक डिस्क बिघडली की ती नोंद कायमची गेली. दोन बाह्य हार्डडिस्क घेऊन त्यांपैकी एक दुसऱ्या इमारतीत ठेवावी. ग्राफिक्स कार्डावरील बचतीतून एवढा खर्च बहुधा भागतो.

२०१६ मध्ये सुरू झालेल्या शासकीय ई-बाजारपेठेवरून, अर्थात ‘जेम’वरून, खरेदी करताना तपशील काटेकोर लिहावा. ‘१ टेराबाइट साठवण’ एवढेच लिहिल्यास हार्डडिस्क येऊ शकते. ‘१ टेराबाइट एनव्हीएमई एसएसडी’ असे स्पष्ट नमूद करावे. रॅम पुढे वाढविता यावी यासाठी मोकळ्या खाचेचीही अट घालावी. दुकानातून घ्यावयाचा असल्यास आपलीच दोनशे छायाचित्रे सोबत न्यावीत आणि ती उतरवून जेपेग करण्यास किती मिनिटे लागतात, हे घड्याळ लावून पाहावे.