मोरी कां तुंबते?

पाणी उताराकडे धांवतें. घरांतील मैलापाणी याच एका नियमावर विसंबून बाहेर जातें. वाट अडली, कीं तें मागें फिरून सर्वांत खालच्या तोंडानें वर येतें. मुंबईच्या चाळींत माडीवरील बिऱ्हाडांचें पाणी तळमजल्याच्या मोरींत उमटतें, तें यामुळेंच.

एकच मोरी तुंबली, तर दोष तिच्या नळींत समजावा. परंतु शौचकूपांत पाणी ओततांच न्हाणीच्या जाळींतून तें वर आलें, तर अडथळा सामाईक नळांत असतो. अशा वेळीं प्रथम सर्व बिऱ्हाडांनीं पाणी वापरणें थांबवावें. मग चेंबरचें झांकण उघडून, आंत न वांकतां, पाहावें. चेंबर भरलेलें असल्यास अडथळा पुढें रस्त्याकडे, रिकामें असल्यास मागें घराकडे.

तूप-तेल नळींत थिजतें व त्यावर केस, चिंध्या, चहाचा चोथा बसतो. म्हणून भांड्यांचें तेल कागदानें पुसून केरांत टाकावें. मुंबईंत पावसाच्या व मैल्याच्या पाण्याचीं गटारें निराळीं आहेत. अंगणांत सांचलेलें पावसाचें पाणी चेंबरमध्यें सोडल्यास तें कोणाच्या तरी मोरींत उमटतें.

माणसाला मात्र गटारांत कधींही उतरवूं नये. तेथील हायड्रोजन सल्फाइड वायु वाढला, कीं त्याचा वासही येईनासा होतो आणि माणूस क्षणांत बेशुद्ध पडतो. त्याला सोडविण्यास उतरणाराही प्राणांस मुकतो. संरक्षक साधनांवांचून असें काम करविणें हा २०१३ च्या कायद्यानें गुन्हा आहे. यंत्राची गाडी येईपर्यंत मोरी एक दिवस तुंबून राहिली, तरी घराचें कांहीं बिघडत नाहीं.