हुकूम कोणाचा? सिद्धगड आणि कोरियाचे 'उइब्योंग'

मंडळी, आपण तानशाला बसलो आहोत. इथलं पाणी १८९२ पासून मुंबईला जातंय. १९४२ साली कर्जत-मुरबाडच्या डोंगरपट्ट्यातून मुंबईला वीजही जात होती, आणि भाई कोतवालांच्या आझाद दस्त्याने नेमके तेच मनोरे पाडले.

आज प्रश्न असा घेऊ : राज्याचा हुकूम नसताना हत्यार उचलणारा माणूस बंडखोर की रक्षक?

कोरियात अशा लोकांना 'उइब्योंग' म्हणतात. 'उइ' म्हणजे न्याय्य, 'ब्योंग' म्हणजे सैनिक. १५९२ साली जपानी फौजा उतरल्या, राजा राजधानी सोडून उत्तरेला गेला. तेव्हा क्वाक जे-उ नावाच्या विद्वानाने स्वतःची संपत्ती खर्चून माणसं जमवली. लाल अंगरख्यामुळे तो ओळखला जाई. १९०७ मध्ये जपानने कोरियाचं सैन्यच मोडीत काढलं, तेव्हा घरी पाठवलेले शिपाई पुन्हा अशाच तुकड्यांत सामील झाले.

पण फरक बघा. १५९२ चे लोक आपल्या राजासाठी लढले. १९०७ मध्ये राज्ययंत्रणाच परक्यांच्या मुठीत होती. आपल्याकडे १९४२ ला तर राज्यच परकं होतं. म्हणजे हुकूम मागायचा कोणाकडे?

आम्हाला उत्तर भाईंच्या आधीच्या आयुष्यात दिसतं. विठ्ठल लक्ष्मण कोतवाल, जन्म माथेरानचा, १ डिसेंबर १९१२. नाभिक कुटुंबातला मुलगा वकील झाला. शेतकरी सावकाराच्या दारी जाऊ नये म्हणून त्यांनी धान्यकोठ्या काढल्या, शाळा चालवल्या. विश्वास आधी, दस्ता नंतर! रानात लपलेल्या माणसाला भाकरी देणं जिवावरचं असतं, ती बंदुकीच्या धाकाने फार दिवस मिळत नाही.

तुम्ही म्हणाल, सर, प्रत्येक टोळी स्वतःला न्याय्यच म्हणते. अगदी बरोबर. म्हणून आम्ही तीन कसोट्या लावतो : झळ आधी स्वतः सोसता का? भाकरी लोक आपखुशीने देतात का? काम झाल्यावर हत्यार खाली ठेवाल का?

पहिल्या दोन कसोट्यांचं उत्तर भाईंनी दिलं. तिसरीची वेळच आली नाही. २ जानेवारी १९४३ ला मुरबाड तालुक्यातल्या सिद्धगडच्या जंगलात पोलिसांनी त्यांना गाठलं. भाई आणि हिराजी पाटील तिथेच पडले.

तिसरी कसोटी मात्र जिवंत राहिलेल्यांसाठी असते. आज राज्य आपलं आहे, तेव्हा हुकूम कोणाचा, हे विचारताना पहिल्यांदा आपल्याकडेच बघावं लागतं.